ऐतिहासिक कादंबरीकाराचें वाचन : गो. नी. दांडेकर आणि जांबचा नारायण

ऐतिहासिक कादंबरीकारानें काय वाचावें, कोठें बसून लिहावें व स्फूर्ति कोठून घ्यावी, हे प्रश्न वरवर पाहतां केवळ कुतूहलाचे वाटतात. ग्रंथकर्ता पहाटे लिहितो कीं रात्रीं, याच्याशीं वाचकाला काय कर्तव्य, असें कोणी विचारील. परंतु आपल्याकडे सुशिक्षित कुटुंबांतूनहि इतिहास हा इतिहासग्रंथांवरून थोडा व कादंबऱ्यांवरून फार शिकला जातो. शिवाजीमहाराज, ज्ञानदेव, रामदास यांच्या ज्या मूर्ति आपल्या मुलांच्या मनांत उभ्या असतात, त्या बहुधा कादंबरीकारांनीं घडविलेल्या असतात. तेव्हां मूर्ति ज्या मातीची केली ती माती कोठली, हें तपासणें टीकाकाराचें कर्तव्यच ठरतें.

हरिभाऊ आपटे (१८६४-१९१९) यांच्या बाबतींत उत्तर सोपें आहे. स्कॉटच्या कादंबऱ्या त्यांच्या पिढीच्या आवडत्या वाचनांतल्या होत्या. १८९० सालीं 'करमणूक' पत्र निघालें आणि दर आठवड्यास मजकूर पुरविण्याची संवय त्यांच्या लेखणीला जडली. 'उषःकाला'चा ऐसपैस पसारा, प्रकरणाच्या शेवटीं वाचकाला अधांतरीं ठेवण्याची हातोटी व मधूनच त्याच्याशीं हितगुज करण्याची लकब, हीं सारीं या साप्ताहिक संवयीचीं अपत्यें होत. नाथमाधवांची (१८८२-१९२८) कथा याहून निराळी व अधिक करुण आहे. १९०५ सालीं शिकारीच्या नादांत ते सिंहगडाच्या कड्यावरून पडले व कमरेखालचें शरीर लुळें झालें. पुढील सारें वाचन व लेखन अंथरुणावरचें. ज्या गडानें त्यांचे पाय घेतले, त्या गडांच्या राज्याचीच कथा त्यांनीं पुढें स्वराज्याच्या कादंबरीमालेंत लिहिली. ऐतिहासिक कादंबरीस गड पायांखालीं घालावेच लागतात, असा नियम करूं पाहणाऱ्यानें हें एक उदाहरण आधीं ध्यानांत ठेवावें.

गोपाळ नीलकंठ दांडेकर यांची गोष्ट याच्या अगदीं उलट टोकाची. ८ जुलै १९१६ रोजीं परतवाड्यास त्यांचा जन्म झाला. इयत्ता सातवींत असतांना स्वातंत्र्याच्या चळवळीसाठीं त्यांनीं शाळा सोडली व घरहि सोडलें. पुढें गाडगेमहाराजांचा सहवास, वेदान्ताचें व ज्ञानेश्वरीचें अध्ययन, नर्मदेची परिक्रमा, आणि अखेर तळेगांव दाभाडे येथें स्थिर होऊन केवळ लेखणीवर चालविलेला संसार. 'स्मरणगाथा' या त्यांच्या ग्रंथास १९७६ सालीं साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. १९८१ च्या अकोला येथील साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. १ जून १९९८ रोजीं ते वारले. विद्यापीठाची पायरी न चढलेल्या या ग्रंथकारानें शिवकालावर पांच कादंबऱ्यांची माला लिहिली. ज्ञानदेव, तुकाराम व रामदास या तिघांवर तीन कादंबऱ्या लिहिल्या. आणि हे सर्व ग्रंथ महाराष्ट्रानें आवडीनें वाचले.

त्यांच्या वाचनाची आवड कोणती, याचा दाखला मुखपृष्ठावरच मिळतो. 'मोगरा फुलला', 'तुका आकाशाएवढा', 'दास डोंगरी राहतो', 'बया दार उघड' या नांवांचें मूळ पाहावें. पहिलें ज्ञानदेवांच्या अभंगांतलें, दुसरें तुकोबांच्या, तिसरें समर्थांच्या पदांतलें, चौथें नाथांच्या भारुडांतलें. शिवकालाच्या कादंबरीला नांव देतांनाहि ज्याच्या ओठीं बखरीऐवजीं भारुड येतें, त्याचें वाचन कोणत्या जातीचें असावें? आमच्या मतें तें डोळ्यांनीं थोडें व कानांनीं फार झालेलें आहे. कीर्तन, पारायण, वाटेवरच्या माणसांचें बोलणें, ही त्यांची खरी ग्रंथशाळा. म्हणूनच त्यांचें गद्य मोठ्यानें वाचलें असतां अधिक खुलतें, आणि म्हणूनच 'पडघवली'ची कोंकणी बोली व 'पवनाकाठचा धोंडी' मधली मावळी बोली यांत उसनेपणाचा वास येत नाहीं.

कानाच्या जोडीला पाय होते. गडकोटांवरील त्यांची भ्रमंति प्रसिद्ध आहे. 'दुर्ग भ्रमणगाथा' ही तिचीच रोजनिशी म्हणावी. येथें इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकाला एक गंमत दिसते. स्कॉटनें कादंबऱ्या लिहिण्यापूर्वीं स्कॉटलंडच्या सरहद्दीवर हिंडून म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडचे पोवाडे गोळा केले व १८०२ सालापासून ते छापले. पहिली कादंबरी त्यानें १८१४ सालीं प्रसिद्ध केली. आमच्या इंग्रजी शिकलेल्या पिढ्यांनीं स्कॉटच्या कादंबऱ्या वाचल्या, पण त्याचें हिंडणें वाचलें नाहीं. तें हिंडणें मराठींत केलें तें एका शाळा सोडलेल्या मुलानें.

या पद्धतीचें बळ व तिची मर्यादा एकाच ठिकाणीं पाहावयाची असेल, तर जालना जिल्ह्यांतील घनसावंगी तालुक्यांत जांबला जावें. शके १५३० च्या रामनवमीस, म्हणजे इ. स. १६०८ सालीं, तेथें सूर्याजीपंत ठोसर व राणूबाई यांच्या पोटीं नारायण जन्मला. तोच पुढें रामदास झाला, आणि त्याच्या नांवानें गांवहि जांब समर्थ झालें. बाराव्या वर्षीं लग्नाच्या बोहल्यावरून पलायन, बारा वर्षें टाकळीचें तप, बारा वर्षें देशाटन, ही परंपरेनें सांगितलेली रूपरेषा सर्वांस ठाऊक आहे. तेराव्या वर्षाच्या सुमारास घर सोडून वणवण केलेल्या लेखकाला हा नायक दुरून पाहावा लागला नसेल. अनवाणी चालण्याचें, भिक्षेच्या ओशाळेपणाचें, रात्रीं अनोळखी देवळांत पडल्यावर आठवणाऱ्या घराचें ज्ञान त्याला पोथींतून घ्यावें लागलें नाहीं. स्फूर्ति म्हणून जें म्हणतात, तें येथें स्वतःच्याच आयुष्याची ओळख पटणें होय.

परंतु पायांना स्थळ कळतें, काळ कळत नाहीं. जांबच्या शिवारांत आज कितीहि हिंडलें, तरी १६३० च्या भीषण दुष्काळाचा मागमूस तेथें लागणार नाहीं. निजामशाही १६३६ सालीं कशी बुडाली हेंहि ती जमीन सांगणार नाहीं. त्यासाठीं कागदांपुढेंच बसलें पाहिजे. शिवराय व समर्थ यांची पहिली भेट १६४९ सालीं झाली कीं १६७२ सालीं, हा वाद तर केवळ कागदांचा आहे. शंकर श्रीकृष्ण देवांनीं धुळ्यास रामदासी बाडांचा जो संग्रह उभा केला, त्याची महती अशा वेळीं कळते. कीर्तनानें तयार झालेला कान परंपरेला सहज कौल देतो. भाविक वाचकहि तोच कौल ऐकूं इच्छितो. दोघांची अशी सुखाची मिळवणी झाली कीं संशयाला जागा राहत नाहीं, आणि संशयावांचून इतिहास नाहीं. कादंबरीला परंपरा स्वीकारण्याचा अधिकार आहे. पण घरांत ती मुलांच्या हातीं देतांना, ही परंपरा आहे, निर्णय नव्हे, एवढें वडील माणसांनीं सांगितलेंच पाहिजे.

तरीहि एक गोष्ट कागद सांगत नाहीं व पायहि सांगत नाहींत. नारायण गेल्यावर जांबला राणूबाई राहिली. पुत्राच्या वाटेकडे डोळे लावून ती अंध झाली, असें परंपरा म्हणते. कोणत्याहि सनदेंत तिच्या त्या चोवीस वर्षांची नोंद नाहीं. जाणाऱ्याची कथा लिहिणें जाणाऱ्याला सोपें. मागें राहिलेल्याचें दुःख त्याला कसें कळावें? याच ठिकाणीं दांडेकरांचें मोठेपण आम्हांस दिसतें. जन्मभर वाट तुडविलेल्या या माणसानें 'पडघवली' लिहिली ती ओस पडत चाललेल्या गांवाला धरून राहणाऱ्या अंबावहिनीच्या मुखानें. सोडून गेलेल्यांकडे राहिलेल्यांच्या डोळ्यांनीं पाहण्याची ही दृष्टि ज्याला साधली, त्यालाच जांबच्या आईचें मौन ऐकूं येण्याची शक्यता.

सारांश, ऐतिहासिक कादंबरीकाराला कागद, पाय व करुणा अशी तिन्ही शिदोरी लागते. पाय गेलेल्या नाथमाधवांनीं कल्पनेनें गड चढून दाखविले, म्हणजे पायांवांचून एक वेळ निभावेल. कागदांवांचून निभावून नेलें, तर त्याचें ऋण वाचकाच्या माथीं बसतें, व तें पुढें इतिहासकाराला फेडावें लागतें. करुणेवांचून मात्र लिहूंच नये. दांडेकरांचे ग्रंथ घरीं मोठ्यानें वाचावेत, ते त्यासाठींच आहेत. मात्र त्याच फळीवर धुळ्याचीं रामदासी साधनेंहि असावींत, म्हणजे ऐकणाऱ्या मुलांनीं पुढें प्रश्न केला तर उत्तरासाठीं हात कोठें न्यावा हें आपणांस ठाऊक असेल.