तिसरा अंक

नाटक-सिनेमांवर लिहिण्याचा उद्योग मी गेली चाळीस वर्षे करीत आलो आहे. या उद्योगात माणसाला एक खोड जडते. प्रेक्षागृहातले दिवे गेले, की त्याचा एक डोळा पडद्याकडे असतो आणि दुसरा प्रेक्षकांकडे. २०२५ च्या जूनमध्ये 'सितारे जमीन पर' लागला, त्या दिवशी मात्र माझे दोन्ही डोळे तिसरीकडेच होते. माझ्या शेजारच्या खुर्चीवर माझा भाचा बसला होता.

भाचा सव्वीस वर्षांचा आहे. उंचीने माझ्याहून चार बोटे अधिक. बोलतो थोडे, आणि जे बोलतो ते पुष्कळदा काल-परवा दुसऱ्या कोणीतरी त्याच ठिकाणी, त्याच सुरात बोललेले असते. डॉक्टरांनी तो तीन वर्षांचा असताना 'ऑटिझम' हा शब्द उच्चारला. आपण मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतो. धाकटी बहीण त्या दिवशी मुद्दामच आली नाही. "दादा, तुम्ही दोघं जा. मी तीन तास नुसती पडून राहते," असे म्हणाली. तिला असे तीन तास मागच्या खेपेला कधी मिळाले होते, ते विचारण्याचा धीर मला झाला नाही.

चित्रपट बरा आहे. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल एका बास्केटबॉल प्रशिक्षकाला समाजसेवेची शिक्षा होते आणि बौद्धिक दिव्यांग तरुणांच्या एका संघाला शिकवण्याचे काम त्याच्या गळ्यात पडते. २०१८ च्या एका स्पॅनिश चित्रपटावरून तो बेतलेला आहे. त्यातली मोठी गोष्ट अशी, की संघातल्या त्या दहा खेळाडूंच्या भूमिका धडधाकट नटांनी तोंडे वेडीवाकडी करून केलेल्या नाहीत. तसे तरुणच त्यात काम करतात आणि मजेत करतात. माझ्या मागच्या रांगेतल्या एक बाई मध्यंतरापर्यंत तीन वेळा डोळे पुसत होत्या. भाच्याने कानांवर हात घेतले होते, कारण आवाज त्याला सोसत नाही. उशिरा येणाऱ्यांना जागा दाखवणाऱ्या माणसाच्या हातातली विजेरी तो मन लावून पाहत होता. ती विझली की "बंद" म्हणायचा, पेटली की "चालू". चौथ्या की पाचव्या 'चालू'ला मागच्या बाई म्हणाल्या, "अशांना कशाला आणतात थिएटरात?"

वाचकहो, त्या बाईंवर मला राग काढायचा नाही. त्यांचे अश्रू खोटे नव्हते. पण घरी आल्यावर मी माझी जुनी कात्रणे काढली आणि १९९१ साली 'चौकट राजा'वर मीच लिहिलेला लेख वाचला. त्यात 'हृद्य' हा शब्द चार वेळा आहे आणि 'डोळे पाणावतात' दोन वेळा. नंदू सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत काय करतो, हा प्रश्न एकदाही नाही. त्या बाईंना रडायला शिकवले आणि तेवढ्यावर सोडून दिले, ते आम्हीच.

संजय सूरकर यांनी दिग्दर्शित केलेला तो चित्रपट आजही पाहावा असाच आहे. दिलीप प्रभावळकरांचा नंदू मराठी माणूस विसरणे कठीण. पण आता पाहताना जाणवते ते असे, की त्या कथेचे सारे यंत्र अपराधाच्या भावनेवर चालते. लहानपणी अपघात झाला, नंदूची वाढ खुंटली. बालमैत्रीण मोठी झाली, संसाराला लागली, आणि तिला तो पुन्हा भेटला. आता तिचे कर्तव्य काय? प्रश्न तिचा, तगमग तिची, संसार डळमळतो तोही तिचाच. नंदू हा त्या प्रश्नाचे निमित्त आहे. शिवाय अपघात असला की बोट दाखवायला जागा मिळते. माझ्या बहिणीला ती सोय नव्हती. बोट दाखवायला काहीच नसले, की लोक आईकडे दाखवतात. हे केवळ आपल्या आळीतले अडाणीपण नव्हे. १९४३ साली या अवस्थेचे पहिले शास्त्रीय वर्णन करणारे अमेरिकेतले डॉक्टर लिओ कॅनर यांनीही काही काळ आईबापांच्या थंडपणाला नावे ठेवली, आणि ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ साली त्यावर एक जाडजूड ग्रंथच लिहिला. तो सिद्धान्त पुढे साफ मोडीत निघाला. आमच्या एका दूरच्या आत्याबाईंपर्यंत ती वार्ता अजून पोचायची आहे.

याहून धीट काम जयवंत दळवींनी केले. 'नातीगोती'तला बच्चू वाढतो आहे आणि आईबाप थकताहेत. दळवींनी त्या थकण्याला सोवळे नेसवले नाही. आपल्या पोटच्या मुलाचा कंटाळा येऊ शकतो, हे काटदऱ्यांच्या घरात उघड होते. बच्चूची भूमिका अतुल परचुरे यांची होती, आणि बापाच्या भूमिकेत पुन्हा प्रभावळकरच होते. एकाच नटाने रंगमंचावर बाप व्हावे आणि पडद्यावर मुलगा व्हावे, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. परंतु 'नातीगोती' हेही अखेर त्या नावाप्रमाणेच नात्यांचे नाटक आहे. बच्चूमुळे इतरांचे काय होते ते आपल्याला कळते.

'यलो' (२०१४) हा निराळा. गौरी गाडगीळ या पुण्याच्या जलतरणपटूची ती कथा, आणि मोठेपणच्या गौरीचे काम तिने स्वतःच केले आहे. डाउन सिंड्रोम असलेली मुलगी स्वतःचीच भूमिका करते, हे आपल्याकडे पूर्वी कोणी केल्याचे मला आठवत नाही. राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा खास उल्लेख झाला, तो योग्यच. तक्रार आहे ती आपल्या टाळ्यांबद्दल. पदक मिळाले की आपण टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. ज्याला पोहता येत नाही, चित्र काढता येत नाही, तारखेवरून वार सांगता येत नाही, अशा मुलाने काय करायचे? 'रेन मॅन'पासून (१९८८) लोकांची समजूत अशी झाली आहे, की स्वमग्न माणसाच्या खिशात एखादी अद्भुत विद्या असतेच. लग्नकार्यात मला अजून विचारतात, "तुमच्या भाच्याचं विशेष काय?" विशेष असे, की त्याला वरण आणि भात एकमेकांना लागलेले चालत नाहीत.

आपली जुनी नाटके तीन अंकी, पाच अंकी असत. या विषयावरचे आपले नाटक दोन अंकीच राहिले आहे. पहिल्या अंकात मूल निराळे आहे हे कळते. दुसऱ्यात शाळा, धडपड, एखादे पदक, आणि पडदा. तिसरा अंक अठराव्या वर्षी सुरू होतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारची अपंगत्वे मानली, स्वमग्नता त्यांत आहे. मोफत शिक्षणाचा हक्क त्याने दिला तो सहा ते अठरा या वयासाठी. अठरा पूर्ण झाली, की शाळेची गाडी दारात थांबत नाही. मुलगा सकाळी दप्तर लावून जिन्यात उभा राहतो. आमचा अकरा दिवस उभा राहत होता. शिवाय त्या दिवसापासून तो कायद्याने सज्ञान होतो, आणि आई ही आपोआप त्याची पालक राहत नाही! १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून तिला पालकत्व मागावे लागते. ही तरतूद मुलाच्याच रक्षणासाठी आहे, आणि ती असायलाही हवी. पण ज्या बाईने अठरा वर्षे त्याची नखे कापली, तिने 'मी याची कोण' हे अर्जात लिहून द्यायचे, या प्रसंगात एक अख्खा प्रवेश आहे. तो कोणी लिहिलेला नाही.

तिसऱ्या अंकात नाट्य नसते, असे एका नाटककार मित्राने मला ऐकवले. मी त्याला डोनाल्ड ट्रिपलेट यांची हकीकत सांगितली. कॅनर यांच्या त्या १९४३ च्या निबंधातल्या अकरा मुलांपैकी पहिला मुलगा तो हा. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात फॉरेस्ट नावाचे लहानसे गाव आहे, तिथला. चौथ्या वर्षाच्या सुमारास त्याला एका संस्थेत ठेवले होते. वर्षाभराने आईबापांनी घरी परत आणले. पुढे तो काही वर्षे जवळच्या एका शेतकरी जोडप्याकडे राहिला. १९४५ साली कॅनर तिथे गेले आणि त्यांनी जे पाहिले ते लिहून ठेवले आहे. मुलाला मोजण्याचा नाद होता. त्या शेतकऱ्याने त्याला विहीर खणायला लावली आणि खोली किती झाली ते सांगायला सांगितले. मक्याच्या ओळी तो पुनःपुन्हा मोजत बसे. त्याला नांगर धरायला देऊन नांगरतानाच ओळी मोजू दिल्या. मेलेली पाखरे आणि किडे तो गोळा करी. तर त्यांना पुरण्यासाठी एक जागा नेमून दिली आणि प्रत्येकावर खूण लावायला सांगितले. नाद मोडायचा नाही, त्याला नांगराला जुंपायचे! बालमानसशास्त्राचे एक पुस्तकही न चाळता त्या नवराबायकोने हे केले. डोनाल्ड पुढे पदवीधर झाला, गावातल्या बँकेत त्याने वर्षानुवर्षे नोकरी केली, गोल्फ खेळला, मोटार चालवायला शिकला, एकट्याने परदेशांत हिंडला आणि २०२३ साली एकोणनव्वदाव्या वर्षी वारला. बँकेत त्याच्या आजोळची मालकी होती, हे विसरून चालणार नाही. पैसा नसता तर ही कथा कदाचित त्या संस्थेच्या खोलीतच संपली असती. पण गावाने त्याला गावातलाच एक म्हणून धरले, ही गोष्ट पैशाने विकत मिळत नाही.

मित्र म्हणाला, "हे अमेरिकेतलं. आपल्याकडे काय?" मी त्याला बहिणीच्या स्वयंपाकघरात नेले. भाचा चहा करायला शिकत होता. शिकवण्याची रीत उलटी आहे. पाणी ठेवण्यापासून उकळी येईपर्यंत सारे आई करते. त्याने फक्त शेवटची गोष्ट करायची, गाळणीतून कपात ओतायचे. म्हणजे पहिल्या दिवसापासून चहा त्याच्या हातून पुरा होतो. ते अंगवळणी पडले, की त्याच्या आधीची पायरी त्याच्याकडे. मग त्याच्या आधीची. दर पायरीचे चित्र ओट्यावरच्या फरशीला चिकटवलेले. सांगायचे एकदा, आणि मग मनात दहा अंक मोजायचे. शब्द त्याच्यापर्यंत पोचायला तेवढा वेळ लागतो, आणि मध्येच पुन्हा सांगितले तर तो पहिल्यापासून ऐकू लागतो. गॅस पेटवण्यापर्यंत यायला सात महिने लागले. ज्या दिवशी त्याने प्रथम गॅस पेटवला, त्या दिवशी बहीण दाराआड उभी होती आणि तिने पदर तोंडात धरला होता. मित्राने चहा घेतला. साखर अंमळ जास्त होती. त्यानंतर तो नाट्य नसल्याबद्दल काही बोलला नाही. लिहिलेही काही नाही म्हणा.

स्वमग्नता या शब्दावरही माझा आक्षेप आहे. जो मनुष्य विजेरीत, पंख्याच्या पात्यात, शेजारच्या कुकरच्या शिट्टीत इतका गुंतला आहे, तो 'स्व'मध्ये मग्न कसा? जग त्याच्यात हवे त्याहून जास्त शिरते, म्हणून तो दार लोटून घेतो. दिवाळीत तर विचारूच नका. सुतळी बॉम्बच्या दिवसांत तो न्हाणीघरात नळ सोडून बसतो. यंदा खालच्या मजल्यावरच्या मुलांना मी गाठले. फटाके कधी लावणार, त्याची वेळ आधी सांगा, एवढेच म्हटले. बंद करा असे म्हटले नाही. त्यांनी जिन्यात फळ्यावर लिहिले : 'सात ते साडेसात.' भाच्याने ते वाचले, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि पावणेसातला स्वतःच कानाला मफलर गुंडाळून खोलीत जाऊन बसला. नळ सोडला नाही.

या विषयावरचे मी वाचलेले सर्वांत उत्तम लेखन अद्याप छापलेले नाही. ती एक दोनशे पानी वही आहे आणि माझी बहीण ती दोन वर्षांपासून लिहिते आहे. तिच्यामागे जो कोणी भाच्याला सांभाळील, त्याच्यासाठी. वाक्ये तोकडी आहेत. 'वरण वेगळ्या वाटीत. पंखा दोनवर. ओरडला तर बोलू नये, पाणी पुढे ठेवावे आणि लांब बसावे. दाढी मंगळवारी आणि शनिवारी, मामा करतो. नवीन शर्ट आणल्यास दोन दिवस खुर्चीवर ठेवावा, मग घालावा. त्याला चहा करता येतो. त्याला करू द्यावा.' कोठे विशेषण नाही, कोठे हुंदका नाही. चाळीस वर्षे मी नाटककारांना जे सांगत आलो, ते तिने न ऐकता केले आहे.

परवा तिने ती वही माझ्याकडे दिली. म्हणाली, "दादा, शुद्धलेखन तेवढं बघ." मी ऱ्हस्व-दीर्घाच्या नऊ चुका दुरुस्त केल्या. प्रत्येक पानावर तिने उजव्या हाताला एक रकाना आखला आहे आणि वर लिहिले आहे : 'कोणी'. तो रकाना सगळीकडे कोरा होता. मी त्यात माझे नाव घातले. पेन्सिलीने घातले, कारण मी तिच्याहून सहा वर्षांनी मोठा आहे.