‘दिगंबरानुचर’ या मुद्रेविषयीं

पोथीच्या शेवटीं ‘दास’, ‘दीन’, ‘पामर’ असे शब्द आढळले कीं कांहीं संग्राहक त्यांवरून ग्रंथकाराची सामाजिक पायरी ठरवूं लागतात. हें आम्हांस मान्य नाहीं. आंबेजोगाईच्या दासोपंतांचेंच पाहावें. शके १४७३ (इ. स. १५५१) मध्यें देशपांड्यांच्या घरीं जन्मलेला हा पुरुष ‘दिगंबरानुचर’ अशी मुद्रा घालतो. पित्याचें नांवही दिगंबर असल्यानें नवख्यास घोटाळा व्हावा. पण येथील दिगंबर श्रीदत्त होय, व ही चाकरी आपखुषीची आहे. गंगाखेडची जनाबाई नामदेवाची दासी म्हणविते, तेव्हां ती घरकामाची खरी स्थिति सांगते. मंगळवेढ्याच्या चोखामेळ्याचें हीनत्व तर गांवानें त्यावर लादलेलें. त्यासही ‘विनय’ म्हणणें म्हणजे गाऱ्हाण्यास शिष्टाचार ठरविणें होय.

आख्यायिका मात्र मार्मिक आहे. बेदरच्या दरबारीं वसुलापायीं ओलीस राहिलेल्या बालकास सोडविण्यास दत्त आला, तो दत्ताजी पाडेवार होऊन. दामाजीच्या कथेंतील विठू महाराचाच हा सांचा. इतिहास म्हणून तिचें मोल बेताचें. तथापि देशपांड्याच्या मुलाची सुटका गांवकीच्या चाकराहातीं व्हावी, हें कथाकारास सुचलें खरें.

पंतांची पंचीकरणावरील सुमारें चोवीस हात लांब वस्त्रपोथी ‘पासोडी’ नांवानें प्रसिद्ध आहे. पासोडी हें गरिबाचें पांघरूण. पण एवढें कापड, शाई व स्वस्थता गरिबास कोठून मिळणार? यादी करतांना मुद्रा एका रकान्यांत व घराण्याची वृत्ति दुसऱ्यांत लिहावी. पंतांपुरती ती ‘देशपांडे’ अशीच पडेल.