कृषि-अवशेषांचे तंतू आणि विघटनशील प्लास्टिकची 'बळकटी' : एक परीक्षण

विघटनशील प्लास्टिकमध्ये शेतीतील टाकाऊ तंतू मिसळून त्यास बळकटी आणावी, ही कल्पना सकृद्दर्शनी सर्वथैव स्तुत्य वाटते. परंतु या विषयावरील लेखनात 'बळकटी' आणि 'टाकाऊ' हे दोन्ही शब्द पुष्कळदा ज्या सैलपणे योजले जातात, तो शास्त्रीय विवेचनास मानवणारा नाही.

बळकटीचा विचार प्रथम करणे युक्त होईल. पॉलिलॅक्टिक आम्ल हे बहुवारिक मुळात दुर्बळ नाही. त्याचे ताणबल सुमारे ५० ते ७० मेगापास्कल असते. त्याचे खरे वैगुण्य ठिसूळपणा हे होय. तुटण्यापूर्वी ते सामान्यतः १० टक्क्यांहूनही कमी लांबते. उसाच्या चिपाडाचे आखूड तंतू मिसळल्याने त्याचा ताठरपणा वाढतो, हे खरे. परंतु ताणबल अनेकदा घटते आणि मूळचा ठिसूळपणा तसाच राहतो. सेल्युलोज जलस्नेही आणि बहुवारिक जलविरोधी असल्याने दोहोंच्या सीमेवर पुरेशी पकड बसत नाही. शिवाय, केली व टायसन यांनी धातूंच्या संमिश्रांविषयी १९६५ मध्ये मांडलेला विचार येथेही लागू पडतो : तंतू विशिष्ट लांबीहून आखूड असल्यास त्यावर पुरता भार येण्यापूर्वीच तो आधारद्रव्यातून निसटतो. मिश्रणयंत्राच्या मळसूत्रात तर तंतू अधिकच तुटतात. तेव्हा केवळ ताठरपणाच्या वाढीस बळकटी म्हणणे हा शब्दांचा गोंधळ होय.

पकड सुधारण्यासाठी तंतूंवर सोडिअम हायड्रॉक्साइडची प्रक्रिया करतात. ती उपयुक्त आहे. मात्र तिच्यातून निघणारे अल्कलीयुक्त सांडपाणी लाभहानीच्या हिशेबात धरावयास हवे.

'टाकाऊ' या शब्दाचीही तीच गत आहे. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांत चिपाड बाष्पित्रात जाळून वाफ व वीज निर्माण केली जाते. ते प्लास्टिककडे वळविल्यास तेवढी उष्णता अन्य इंधनातून मिळवावी लागेल. कपाशीच्या पऱ्हाट्यांची गोष्ट निराळी. काही चुलीत गेल्या तरी पुष्कळशा शेतातच जाळल्या जातात. टाकाऊपणा हा पदार्थाचा गुणधर्म नसून स्थळ व व्यवहार यांवर अवलंबून असणारी अवस्था आहे.

याचा अर्थ हे संशोधन व्यर्थ आहे असा नव्हे. रोपवाटिकेतील कुंड्यांसारख्या वस्तूंना ताठरपणा पुरतो, आणि महागड्या बहुवारिकाची बचत हाही लाभच आहे. मात्र अशा ठिकाणी तंतूंना 'भरणद्रव्य' म्हणावे; त्यात कमीपणा नाही. ताणबल, आघातबल आणि ओल लागल्यानंतरचे बल या तिन्ही कसोट्यांस जे संमिश्र उतरेल, त्यालाच 'बळकट' हे विशेषण शोभेल.