बाडांवरील नांवें आणि नाट्याचा इतिहास

हस्तलिखितांची यादी करणारास ‘विषय’ या शीर्षकाचा एक रकाना भरावा लागतो. हा रकाना दिसण्यांत लहान. परंतु एखादें बाड पुढील पन्नास वर्षांत वाचलें जाईल कीं कपाटाच्या तळाशीं पडून राहील, याचा निकाल बहुधा तेथेंच लागतो. ज्यापुढें ‘नाटक’ असें लिहिलें जातें तें बाड रंगभूमीच्या अभ्यासकाकडे जातें. ज्यापुढें ‘पदें’ लिहिलें जातें तें संतवाङ्मयाच्या अभ्यासकाकडे. आणि ज्यापुढें ‘किरकोळ’ लिहिलें जातें तें कोणाकडेच जात नाहीं. मराठी नाट्याच्या इतिहासांतील पुष्कळ वाद हे वस्तूंविषयीं नसून या रकान्यांतील शब्दांविषयीं आहेत, असें आमचें मत झालें आहे. तें साधार मांडावें एवढाच या टिपणाचा हेतु.

प्रथम ‘नाटक’ हाच शब्द घेऊं. भरताच्या नाट्यशास्त्रांत रूपकाचे दहा प्रकार सांगितले आहेत : नाटक, प्रकरण, अंक, व्यायोग, भाण, समवकार, वीथी, प्रहसन, डिम आणि ईहामृग. यांत नाटक हा दहांपैकीं केवळ एक. त्याची कथा प्रख्यात असावी, अंक पांच ते दहा असावेत. कथा कविकल्पित असेल तर तें प्रकरण. या न्यायानें शाकुंतल हें नाटक खरें, परंतु मृच्छकटिक आणि मालतीमाधव हीं प्रकरणें होत. आज आपण या तिहींसही नाटक म्हणतों. उलटपक्षीं हनुमन्नाटकाच्या नांवांतच ‘नाटक’ आहे. तथापि तें जवळजवळ श्लोकमय असून त्याची गणना कोणत्या प्रकारांत करावी, याविषयीं पंडितांचें एकमत नाहीं. सारांश, नांवांत ‘नाटक’ असणें, शास्त्राप्रमाणें नाटक असणें आणि रंगावर खेळलें जाणें, या तीन गोष्टी निरनिराळ्या होत. यादींत त्या एकाच शब्दानें दर्शविल्या जातात, आणि घोटाळ्यास तेथूनच आरंभ होतो.

‘पहिलें मराठी नाटक कोणतें’ हा प्रश्न या घोटाळ्याचें ठळक उदाहरण आहे. तंजावरच्या भोसले दरबारांत शहाजीराजांनीं (राज्यकाल १६८४ ते १७१२) ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ रचिलें. तें आणि त्या परंपरेंतील इतर मराठी नाटकें सरस्वती महालांत राहिलीं. त्यांचा सांधा दक्षिणेकडील यक्षगानाशीं आहे. विष्णुदास भावे यांनीं ५ नोव्हेंबर १८४३ रोजीं सांगलीस ‘सीतास्वयंवरा’चा प्रयोग केला, याच दिवसावरून मराठी रंगभूमीचा दिन पाळण्यांत येतो. जोतीराव फुले यांनीं १८५५ मध्यें ‘तृतीय रत्न’ लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविलें. विनायक जनार्दन कीर्तने यांचें ‘थोरले माधवराव पेशवे’ १८६१ मध्यें पुढें आलें. या चारही कृतींच्या बाजूनें आद्यत्वाचा हक्क सांगितला गेला आहे.

या हक्कांचा निवाडा तारखांनीं होणार नाहीं. मराठी भाषेंत रचिलेली नाट्यसंहिता असा अर्थ घेतला, तर तंजावरचा पक्ष बळकट. महाराष्ट्रांत लोकांसमोर झालेला आणि ज्यापासून मंडळ्यांची अखंड परंपरा चालू झाली असा प्रयोग हा अर्थ घेतला, तर भाव्यांचा. समकालीन समाजावर लिहिलेली स्वतंत्र गद्य संहिता म्हटल्यास फुले यांचा. आणि छापून वाचकांच्या हातीं पडलेलें, ऐतिहासिक कथेचें ‘बुकिश’ नाटक म्हटल्यास कीर्तने यांचा. चौघेही आपापल्या अर्थानें पहिले आहेत. वाद करणारे एक शब्द वापरतात आणि चार वस्तूंविषयीं बोलतात.

यावर कोणी म्हणेल कीं, शब्दांच्या वादानें कोणाचें काय बिघडलें ? बिघडलें तें बाडांचें. ‘तृतीय रत्न’ कमिटीनें नाकारिलें. स्वतः फुले यांनीं पुढें १८७३ मध्यें ‘गुलामगिरी’ ग्रंथांत त्याचा निर्देश केला. तरीही ती संहिता छापून निघावयास १९७९ साल उजाडावें लागलें. मधल्या काळांत रंगभूमीचे जे इतिहास लिहिले गेले, त्यांत या कृतीस रकानाच नव्हता : ती पौराणिक खेळांत बसेना, बुकिश नाटकांत बसेना, संगीत नाटकांत तर नाहींच. या नाटकांत विदूषक ठिकठिकाणीं येऊन घडणाऱ्या प्रसंगावर भाष्य करितो. संस्कृत रूपकांतला, भाव्यांच्या खेळांतला आणि येथला विदूषक हे शेजारीं ठेवून पाहिले असते, तर मराठी नाट्याच्या वाढीचा एक धागा केव्हांच हातीं आला असता. वर्गनामाच्या भिंतीमुळें ते शेजारीं आले नाहींत.

भाव्यांच्या खेळांविषयीं संग्राहकांनीं एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. १८४२ च्या सुमारास सांगलीस आलेल्या कर्नाटकांतील भागवत मंडळींचा खेळ पाहून चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनीं भाव्यांस तसे खेळ मराठींत रचावयास सांगितलें. या खेळांत सूत्रधार पदें गाई आणि पात्रें त्या पदांच्या अनुरोधानें आपलें भाषण आयत्या वेळीं करीत. यास्तव लिहून ठेवण्याजोगीं होतीं तीं पदेंच. १८८५ मध्यें भाव्यांनीं आपल्या रचना प्रसिद्ध केल्या, त्यांचें नांवही ‘नाट्यकवितासंग्रह’ असेंच आहे. आतां अशा खेळाचें हस्तलिखित आपल्या हातीं आलें तर आपणांस काय दिसेल ? आरंभीं गणपति व सरस्वती यांचें स्तवन, मध्यें आख्यानाचीं पदें, क्वचित् विदूषकाचा उल्लेख. संवाद नाहीं, अंक नाहींत, प्रवेश नाहींत. यादी करणारा तें कीर्तनाचें बाड समजून ‘आख्यानपर पदें’ म्हणून नोंदील. नाटकाची संहिता म्हणजे संवाद, ही समजूत पुढल्या काळाची; ती मागच्या काळावर लादल्यानें त्या काळचें नाटक डोळ्यांपुढें असूनही दिसत नाहीं.

इतर नांवांचीही हीच अवस्था आहे. ‘लळित’ म्हणजे कित्येक देवस्थानांत उत्सवाच्या समाप्तीचें कीर्तन. आणि लळित म्हणजेच त्या समाप्तीच्या रात्रीं भालदार-चोपदार, वासुदेव, गोंधळी इत्यादिकांचीं सोंगें आणून केलेला खेळ. बाडावर केवळ ‘लळित’ असल्यास दोहोंपैकीं कोणतें, हें आंत वाचल्याखेरीज कळणार नाहीं. ‘तमाशा’ हा शब्द अरबी मुळाचा, फारसीच्या द्वारें आलेला. मूळ अर्थ फिरणें, त्यावरून पाहावयास जाणें, प्रेक्षणीय वस्तु. जुन्या कागदांत ‘तमाशा पाहिला’ असें आलें म्हणजे गण, गवळण, बतावणी आणि वग या क्रमाचा खेळच अभिप्रेत आहे, असें धरून चालतां येत नाहीं. वगाचा आद्य नमुना म्हणून ज्याचा उल्लेख होतो तो उमाबाबू सावळजकरांचा ‘मोहना बटाव’ १८६५ चा मानिला जातो. म्हणजे हा पूर्ण क्रम तमाशा या शब्दापेक्षां पुष्कळ अर्वाचीन आहे. पुढें स्वातंत्र्यानंतरच्या काळांत याच खेळास ‘लोकनाट्य’ हें प्रतिष्ठित नांव मिळालें. आतां एकोणिसाव्या शतकांतील फडाच्या बाडावर ‘लोकनाट्य’ अशी चिठ्ठी लावणें म्हणजे त्या फडकऱ्यानें कधीं न ऐकिलेलें नांव त्याच्या तोंडीं घालणें होय.

‘फार्स’ या शब्दाविषयीं मात्र काळाचा पुरावा उपयोगी पडतो. मुंबईस १८५६ मध्यें अमरचंद वाडीकर यांच्या मंडळीनें पौराणिक खेळाला जोडून फार्स केल्याचें प्रसिद्ध आहे. तेव्हां ज्या बाडांत मूळ लेखकाच्याच अक्षरांत ‘फार्स’ हा शब्द आहे, तें बहुधा त्या सुमाराच्या अलीकडील ठरेल. ‘संगीत’ हें विशेषण नाटकाच्या नांवामागें रूढ झालें तें अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० च्या ‘शाकुंतला’नंतर. पाहा, एक शब्द जसा आहे तसा नोंदला तर कालनिर्णयास साधन होतो. तोच ‘प्रहसन’ असा शुद्ध करून लिहिला तर साधन नष्ट होतें.

आतां घरच्या, म्हणजे खान्देशच्या, उदाहरणाकडे येऊं. धरणगांव हें या प्रांतांतील जुनें व्यापारी गांव. इ.स. १६७४ मध्यें इंग्रजांनीं तेथें वखार घातली आणि पुढल्याच वर्षीं मराठ्यांनीं ती लुटली; १८२५ मध्यें औट्रमनें उभारलेल्या भिल्ल पलटणीचें ठाणें तेथें होतें; आणि १८९० मध्यें बालकवि ठोमरे तेथेंच जन्मले. अशा गांवीं एखाद्या जुन्या पेढीच्या माळ्यावर रुमालांत बांधलेलें बाड सांपडलें आणि वरती मोडींत ‘वही’ एवढाच शब्द असला, असें समजूं. पेढीवर वही म्हणजे जमाखर्चाची चोपडी. संग्राहक ती अर्थशास्त्राच्या अभ्यासकासाठीं राखून ठेवील, किंवा आंत हिशेब न दिसल्यास टाकून देईल. परंतु खान्देशांत वही हें एका गेय प्रकाराचेंही नांव आहे. वहीगायन म्हणजे समूहानें वाद्यांच्या साथीनें गावयाचें गाणें, आणि ती परंपरा जळगांव जिल्ह्यांत आजही जिवंत आहे. या नांवाची व्युत्पत्ति कोणतीही असो, तें नांव न जाणणाऱ्या हातांत ती वही नुसती रद्दी ठरते. अहिराणी बोलींतील मजकूर तर ‘अशुद्ध’ म्हणून आधींच मागें पडलेला असतो.

आम्ही हें दुसऱ्यांस दोष देण्यासाठीं लिहीत नाहीं. प्रस्तुत लेखकानेंही अशीं बाडें ‘किरकोळ’ म्हणून बाजूस सारिलीं आहेत, आणि त्यांतलीं कांहीं पुन्हां पाहावयास मिळालीं नाहींत.

उपाय सोपा आहे. यादींत एकाऐवजीं दोन रकाने असावेत. पहिल्यांत बाड स्वतःस काय म्हणवितें तें जसेंच्या तसें, अशुद्धासह, उतरून घ्यावें. तें नांव वेष्टनावर आहे, आरंभीं आहे कीं पुष्पिकेंत आहे, आणि मूळ हाताचें आहे कीं मागाहूनचें, हेंही लिहावें. दुसऱ्यांत यादी करणारानें आपला तर्क नमूद करावा, व तो तर्क आहे असें स्पष्ट सांगावें. यावर असा आक्षेप येईल कीं, प्रत्येक बाडाचें नांव वेगळें राहिल्यास वर्गीकरण अशक्य होईल. तसें होत नाहीं. वर्गीकरण दुसऱ्या रकान्यांत आहेच. दुसरा आक्षेप असा कीं, नकल करणारे नांवें बेधडक बदलीत, म्हणून बाडाचें स्वतःचें नांवही विश्वासार्ह नाहीं. हें खरें आहे. परंतु नकलकारानें अमुक काळीं आख्यानास ‘नाटक’ म्हटलें, हाही इतिहासच होय. चुकीचें नांवसुद्धां कोणीतरी कधींतरी दिलेलें असतें, आणि त्यास काळ व स्थळ असतें. आपण आज दिलेल्या नांवास मात्र केवळ आपलाच काळ असतो.

वि. का. राजवाडे यांचा देह ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास पडला, आणि त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ तेथेंच उभें राहिलें. ज्या प्रांतास कागद राखण्याची ही परंपरा लाभली, त्या प्रांतांतील संग्राहकांस कागदावरील शब्दही राखण्याची विनंति करणें वावगें होणार नाहीं. कागद वाळवीपासून वांचविला आणि त्याचें नांव पुसलें, तर अर्धेंच काम झालें.