‘उभे’ म्हणजे कशाला उभे?

घरगुती छत्रीच्या खोक्यात एक घडीचे पत्रक असते. ते फारसे कोणी वाचत नाही. विज्ञानलेखन म्हणून त्याचे परीक्षण तर कोणीच करत नाही. सोलापुरातील एका शिक्षकमित्राने शाळेच्या गच्चीवर जीसॅट-१५ उपग्रहासाठी स्वतः छत्री बसवली, आणि चित्र सारखे गोठते म्हणून आम्हांला बोलावले. तेव्हा असे एक पत्रक आम्ही बारकाईने वाचले. २०१७ साली सुरू झालेल्या स्वयंप्रभा वाहिन्यांचे पाठ मुलांना दाखवायचे होते. प्रश्न करमणुकीचा नव्हता.

पत्रकातील आकृत्या स्वच्छ आहेत, नटबोल्टची यादी नेमकी आहे. त्यामुळे दिशा आणि उंची मित्राने अचूक साधली होती. घोटाळा एलएनबीपाशी होता. त्याबद्दल पत्रक एवढेच सांगते की, ‘उभ्या ध्रुवतेसाठी’ एलएनबी जमिनीला काटकोनात धरावा आणि सिग्नलची ताकद सर्वाधिक होईपर्यंत फिरवावा.

ध्रुवता विद्युतघटाला असते, धन आणि ऋण. तरंगाला असते ते ध्रुवण. म्हणजे त्याचे विद्युत क्षेत्र कोणत्या प्रतलात आंदोलने करते ते. ‘ध्रुवता’ वाचून मित्राने केबलची जोडणी उलटीसुलटी करून पाहिली होती! दोष त्याचा नव्हे.

पण खरी चूक ‘जमिनीला’ या शब्दात आहे. विषुववृत्तावरच्या उपग्रहाला सोलापूरची जमीन काय ठाऊक? त्याच्या लेखी ‘उभे’ म्हणजे सर्वसाधारणपणे पृथ्वीच्या अक्षाला समांतर. जीसॅट-१५ आहे ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, सोलापूर ७५.९ वर. म्हणून तो आपल्याला आग्नेयेस, सुमारे ६१ अंश उंचीवर असतो. तिकडे तोंड करून उभे राहिले की अक्षाची दिशा डावीकडे कललेली दिसते. रेखांशांतील फरकाच्या साइनला आपल्या अक्षांशाच्या टॅनने भागले, की या कलाचा टॅन मिळतो. सोलापूरचा अक्षांश १७.७ अंश, उत्तर येते सुमारे ४३.५ अंश. नागपुरास हाच कल ३३ अंश, दिल्लीस २७. पत्रक मात्र देशभर एकच! (उपग्रहाने आपले ध्रुवणच मुळात तिरपे ठेवले असेल, तर तोही कोन हिशेबात धरावा लागतो.)

आता पोलरॉइडचे दोन तुकडे घेऊन आपण वर्गात शिकवतो तो मालसचा नियम लावून पाहा. उपग्रहांवर एकाच वारंवारतेवर परस्परांना लंब अशा दोन ध्रुवणांत वेगवेगळे कार्यक्रम पाठवता येतात. सोलापुरात एलएनबी जमिनीला काटकोनात धरला, तर हव्या तरंगाची ५३ टक्के शक्ती मिळते आणि नकोशाची ४७ टक्के. निम्मी भेसळ! चुकून उजवीकडे कलवला तर चूक ८७ अंशांची होते, आणि नकोसा तरंग जवळजवळ पुरता आत येतो. सेट टॉप बॉक्सवरचा ताकदीचा पट्टा मात्र तेव्हाही भरलेलाच दिसतो, कारण दोन्ही तरंग सारख्या शक्तीचे असतील तर त्यांची बेरीज कोणत्याही कोनात तेवढीच राहते. म्हणजे पत्रकाची दुसरी सूचना पाळणारा माणूस रात्रभर एलएनबी फिरवत बसला तरी काही हाती लागायचे नाही. पाहायचा तो ‘गुणवत्ता’ हा दुसरा पट्टा. पत्रकात त्याचा उल्लेखच नाही, आणि आमच्या मते हीच सर्वांत अक्षम्य उणीव आहे. योग्य जागेपासून पाच अंश चुकले तरी भेसळ एक टक्क्याच्या आतच राहते. तेव्हा फार काटेकोरपणाचीही गरज नाही.

आम्ही छत्रीच्या मागे उभे राहून एलएनबीचे केबलचे टोक घड्याळातील सहाच्या जागेवरून साडेचारच्या जागी आणले. चित्र स्थिर झाले. मित्राने विचारले, “हे मुलांना कसे दाखवू?”

त्यासाठी छत्रीचीही गरज नाही. मृग नक्षत्राच्या पोटातील बाणाचे तारे खगोलीय विषुववृत्ताजवळ आहेत, आणि मृगाची लांबी साधारण उत्तर-दक्षिण आहे. उगवताना मृग जवळजवळ आडवा असतो, मध्यमंडलावर येतो तेव्हा सरळ. जानेवारीच्या मध्यास रात्री नऊच्या सुमारास, मध्यमंडलावर येण्यापूर्वी साधारण सत्तर मिनिटे, तो सोलापुरातून डावीकडे जितका कललेला दिसतो, तितकाच त्या गच्चीवरचा एलएनबी कललेला आहे. ओळंबा आणि कोनमापक घेऊन मुलांना मोजू द्यावे.