काच, लाकूड आणि वर्ख

आज आपण अगदी व्यवहारातला एक प्रश्न घेऊ. पेस्टलच्या चित्राला लाकडी चौकट लावायचीच नाही, नुसतं काचेखाली ठेवायचं, असं काही चित्रकार ठरवतात. चित्र, मागे पुठ्ठा, पुढे काच आणि चारही कडा चिकटपट्टीनं बंद केलेल्या. पद्धत नवी नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये ‘पासपार्तू’ या फ्रेंच नावानं ती चांगली रुळलेली होती. आपल्याला तपासायचाय तो तिच्यामागचा दावा: चौकट गेली, चित्र मोकळं झालं.

सुरुवात कान्टपासून करू, कारण वाद त्यानंच लावून दिलाय. ‘क्रिटीक ऑफ जजमेंट’च्या चौदाव्या कलमात तो चित्राची चौकट, पुतळ्यावरची वस्त्रं आणि राजवाड्याभोवतीचे खांब एकाच रांगेत बसवतो. हे सगळं ‘पारेर्गा’, म्हणजे कलाकृतीला बाहेरून जोडलेलं. त्यातही सोनेरी चौकट केवळ चित्राची भलामण करायला लावलेली असेल, तर ती नुसता दागिना. खऱ्या सौंदर्याला उलट बाधकच. देरिदानं 1978 च्या पुस्तकात या आत-बाहेरच्या रेषेलाच हात घातला, पण तिकडे वळलो तर पेस्टल राहूनच जाईल.

कान्टच्या या वाटणीत काच कुठे बसते? तैलचित्र काचेवाचून शतकानुशतकं टिकतं. पेस्टलचं तसं नाही. पेस्टल म्हणजे रंगाची भुकटी, कांडी वळण्यापुरता डिंक घातलेली. ती कागदाच्या खरखरीत अंगावर नुसती अडकून असते. कणांच्या मधे हवा, त्यामुळे प्रकाश विखुरतो, आणि म्हणून तर ती मखमल दिसते! बरं, फिक्सेटिव्ह फवारून भुकटी पक्की करावी, तर मधल्या फटी भरतात, रंग गडद होतात, उजळ छटा विझतात. चित्र वाचतं, पण जे काढलं होतं ते राहत नाही. अशा ठिकाणी काचेला दागिना कसं म्हणणार? ती चित्राच्या असण्याचीच अट आहे. इथवर बिनचौकटीवाल्यांशी आमचं भांडण नाही. जे अटळ तेवढंच ठेवलं, हा त्यांचा प्रामाणिकपणा आम्हांला आवडतो.

पण मग काच चित्रावर थेट टेकवून क्लिपा लावलेल्या दिसतात, तेव्हा हा प्रामाणिकपणा कळलेला नाही असं म्हणावं लागतं. टेकलेली काच भुकटी उचलते. कोकणात, मुंबईत पावसाळी दमट हवेत तर कागद आणि डिंक म्हणजे बुरशीला आयतं ताट. काच आणि चित्र यांच्यात काही मिलिमीटर पोकळी हवीच. जाड माउंट घाला, नाहीतर कडेनं आत लपणाऱ्या पट्ट्या. ॲक्रिलिक हलकं म्हणून वापरावं, तर त्यातली स्थिर वीज कण ओढून घेते. आणि मुख्य म्हणजे, माउंटची पांढरी कड आणि बाहेरची काळी पट्टी चित्राला हद्द घालतातच की! चौकट गेली नाही, बारीक झाली.

आता मोठं चित्र घेऊ. मोरिस कान्तँ द ला तूर यानं काढलेलं मादाम द पोंपादूरचं पेस्टल 1755 च्या पॅरिसच्या सालोंमध्ये लागलं होतं. आज ते लूव्रच्या संग्रहात आहे. कागद जोडून केलेलं, उंची पावणेदोन मीटर, रुंदी सव्वा मीटरच्या वर. चार मिलिमीटरची काच चौरस मीटरला दहा किलो भरते. म्हणजे एवढ्या चित्रापुढे आज तशी काच लावली तर वीस किलोहून अधिक वजन झालं. हे चिकटपट्टीवर टांगणार? इथे लाकूडही काचेइतकंच गरजेचं ठरतं, कारण काच तोलायची ती लाकडानं.

कान्टनं ज्या सोनेरी चौकटीला एका शब्दात बाहेर काढलं, तिचे म्हणून आम्ही दोन भाग करतो: लाकूड आणि वर्ख. त्याचा आक्षेप वर्खाला लागू पडतो, लाकडाला नाही. वहीच्या पानाएवढ्या पेस्टलला पट्टी, पोकळी आणि मागे चांगला पुठ्ठा पुरे. तिथे चौकटीचा आग्रह ही निव्वळ सवय. दोन हात रुंद चित्राला मात्र लाकूड द्यावंच. साधं, बिनवर्खाचं चालेल.