खांबातून आरपार

मोटारींच्या शर्यतींशी माझा संबंध एवढाच, की लोकल चुकायची वेळ आली की मी रिक्षावाल्याला "जरा जोरात घ्या हो" म्हणतो. तरीही गेल्या रविवारी मी बेल्जियममधल्या स्पाच्या रस्त्यावर ताशी २०० किलोमीटरने गाडी हाकली. भाच्याच्या खोलीत, खुर्चीत बसून.

हा भाचा इंजिनिअर. लोक सुट्टीत माथेरानला जातात, हा संगणकात शर्यतींचे जुने मार्ग बांधतो. स्पाचा तो १४ किलोमीटरचा मार्ग म्हणजे शेतांतून, घरांच्या उंबऱ्यावरून जाणारा साधा रहदारीचा रस्ता. तो त्याने १९६६ सालचा म्हणून उभा केलाय. जुने फोटो पाहून घरांच्या खिडक्या मोजल्यात, कौलांवर शेवाळ चढवलंय. स्वतःच्या खोलीतली जळमटं मात्र त्याला अजून दिसलेली नाहीत.

आता मी पडलो बी. कॉम. कलेतलं फारसं कळत नाही. पण खोटी नोंद लांबून ओळखतो. पहिली सापडली ती रस्त्याकडेचे लोखंडी कठडे. ड्रायव्हरांनी १९६९ साली त्या मार्गावर धावायला नकार दिला, त्यानंतर १९७० साली ते बसले. म्हणजे हा पुढच्या तारखेचा चेक! १९६६मध्ये वटणार कसा?

दुसरी नोंद जास्त गंभीर. वळणावर माझी गाडी सुटली आणि समोरच्या टेलिफोनच्या खांबातून आरपार गेली. भुतासारखी!

"मामा, ती नुसती सीनरी आहे," भाचा म्हणाला. "दिसायचा आकार वेगळा, गाडी अडवायचा वेगळा. खांबाला दुसरा मुद्दाम दिला नाही. खेळणारे वैतागतात."

म्हणजे कागदावर तारण, जागेवर काही नाही. आमच्या बँकेत यावर मेमो मिळतो.

"अरे, त्याच साली इथे जॅकी स्ट्युअर्ट पावसात पहिल्याच फेरीत घसरला. गाडी आपटली ती अशाच खांबावर. पेट्रोलने भिजलेला माणूस स्टिअरिंगमुळे पंचवीसेक मिनिटं अडकून पडला. सोडवायला आले ते ग्रॅहॅम हिल आणि बॉब बाँड्युरंट, त्याच्यासारखेच ड्रायव्हर. पाना आणला तोही एका प्रेक्षकाकडून मागून! पुढे स्ट्युअर्ट गाडीत पाना चिकटवून ठेवायचा, आणि सुरक्षिततेसाठी सगळ्यांशी भांडला. तुझे कठडे त्या भांडणातून आले. आणि तू खांबच पोकळ केलास?"

भाचा गप्प बसला. मग कठडे काढले, खांब भरीव केले. खिडक्या आणि शेवाळ छानच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण इतिहास नुसता दिसून भागत नाही. तो लागावा लागतो.

मी पुन्हा गाडी काढली. त्याच वळणावर, त्याच खांबावर धाडकन! पडदा हादरला, मीही.

"एक कळ दाबा मामा, की परत सुरुवातीला."

हात उचलेना. पाना मागायला इथे कोणी नव्हतं, आणि गरजही नव्हती; तरी दोन मिनिटं तसाच बसून राहिलो.

तेवढ्यात ताई चहा घेऊन आली. "काय रे, हरलास वाटतं?"

म्हटलं, "नाही गं. वाचलो."